दोन पोती कांदा, सजावटीसाठी

परिषदेला आलेल्या माणसांच्या गळ्यात ओळखपत्राची जी पट्टी असते, तिलाही प्रायोजक असतो, हे मला पंचाहत्तर हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी भरताना कळलं. तोवर माझा समज होता की पट्ट्या आपोआप येतात.

परिषद कृषी-उद्योगाची होती. जागा ताथवड्याजवळचं तारांकित हॉटेल, तारीख मार्चची शेवटची, म्हणजे ज्या दिवशी कुठल्याही उद्योजकाचं डोकं ठिकाणावर नसतं ती. आयोजकांचा माणूस जयदीप माझ्या गाळ्यावर आला आणि त्याने टेबलावर एक चकचकीत पुस्तिका उघडली. पहिल्या पानावर प्लॅटिनम प्रायोजक, दहा लाख. दुसऱ्यावर गोल्ड, पाच. मी पानं उलटत गेलो. चहाचे प्रायोजक, पिशव्यांचे प्रायोजक, पाण्याच्या बाटल्यांचे प्रायोजक असं उतरत उतरत शेवटच्या पानावर पोचलो, तिथे पट्ट्या होत्या. त्याखाली छापखान्याचा पत्ता होता.

"सर, पट्टीला कमी समजू नका," जयदीप म्हणाला. "पिशवी लोक खुर्चीखाली ठेवतात. बाटली फेकतात. पट्टी दिवसभर छातीवर असते. छातीवर!"

"आणि डेमो?"

"पट्टीबरोबर स्टेजवर पाच मिनिटांचा डेमो फ्री."

मला ती पाच मिनिटंच हवी होती. माझा चाकणच्या अलीकडे एक गाळा आहे. तीन प्रेस, एक जुनं सीएनसी मशीन, सहा माणसं. बारा वर्षं आम्ही दुचाकीच्या हेडलाइटमागचं एक ब्रॅकेट बनवतोय. ते ब्रॅकेट जूनपासून प्लॅस्टिकचं होणार आहे, असं कंपनीने मला एका सुरेख ई-मेलमध्ये कळवलं होतं. तेव्हा मी काढणीनंतर कांद्याची पात कापायचं यंत्र बनवलं. चाकणच्या कांदा बाजाराच्या वाटेवर गाळा असताना कांद्याचा विचार करायला फार कल्पकता लागत नाही. अवजारं विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या खरेदीप्रमुख मोनिका मॅडम परिषदेला येणार होत्या. त्यांनी पन्नास यंत्रं घेतली तर सहा माणसं कामावर राहणार होती. नाही घेतली तर जूनमध्ये मला त्या सहा जणांना समोर बसवून काहीतरी बोलावं लागणार होतं, आणि काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं.

यंत्र मात्र झकास होतं. यात माझी आत्मस्तुती नाही, मोजमाप आहे. एका बाजूने पातीसकट कांदे टाका, दुसऱ्या बाजूने स्वच्छ कांदे घ्या. पात जिथे कांद्याला मिळते बरोबर तिथे काप, कांद्याच्या खांद्याशी सपाट, अधिक-उणे अर्धा मिलिमीटर. हात फिरवला तर काही लागायचं नाही. वाहन उद्योगात ब्रॅकेटला जो नेमकेपणा लागतो, तो मी कांद्याला बहाल केला होता. तीन वेळा चाचणी घेतली. चाचणीचे कांदे कामगारांनी आणि आम्ही आठवडाभरात खाऊन संपवले. यंत्राबद्दल कुणाची तक्रार आली नाही, घरी तेच तेच पिठलं झाल्याबद्दल आली.

शेजारच्या गाळ्यात शेखरचं पावडर कोटिंग आहे. तो रंगाचा माणूस असल्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत वरचा थर दिसतो.

"डायसवर खुर्ची आहे का?" त्याने विचारलं.

"आहे. एक."

"हार?"

"पुष्पगुच्छ."

"राव सयाजी, पाऊण लाखात पुष्पगुच्छ? त्यापेक्षा मंडळाला पाच हजार वर्गणी दे. चौकातल्या फ्लेक्सवर फोटो येतो, तोही गॉगल घालून. दहा दिवस राहतो."

त्याचा हिशेब चुकीचा नव्हता, हेच दुःख होतं. पण मोनिका मॅडम चौकातला फ्लेक्स बघून कांद्याचं यंत्र घेतील असं मला वाटलं नाही.

डायसवरच्या त्या एका खुर्चीचीही एक गंमत झाली. जयदीपने कागदपत्रं मागवली. आमची फर्म बायकोच्या नावावर आहे, 'वर्षाली इंजिनिअरिंग', कारण महिला उद्योजकांना बँक व्याजात सवलत देते. बँकेपुढे मी बारा वर्षं ही गोष्ट अभिमानाने सांगत आलो होतो. आता जयदीप म्हणाला, "सर, मग डायसवर मॅडमच बसणार. प्रोप्रायटर त्या आहेत."

"आणि मी?"

"तुम्हाला यंत्राबरोबर एक पास आहे ना. टेक्निकल."

माझं ओळखपत्र आलं, त्यावर 'सयाजी — मशीन ऑपरेटर' असं छापलेलं होतं. वर्षालीने ते दोनदा वाचलं आणि अतिशय समंजसपणे कपाटात ठेवून दिलं. आकुर्डीत आमच्या समोर राहणाऱ्या कुसुमताई बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांनी मात्र सल्ला दिला, "वर्षाली, पैठणी नको हं. उद्योजक वाटली पाहिजेस. इरकल नेस. आणि ह्यांना एखादा निळा शर्ट घालायला सांग, ऑपरेटर आहेत ना."

यानंतर जयदीपचा खरा फोन आला. प्रमुख पाहुण्यांच्या कार्यालयातून विचारणा झाली होती की तीनशे प्रतिनिधींमध्ये शेतकरी किती. आयोजकांनी यादी तपासली. खतवाले होते, बियाणेवाले होते, ड्रोनवाले, विमेवाले, ॲपवाले आणि दोन ज्योतिषी होते, जे हवामान सांगणार होते. शेतकरी नव्हता. म्हणून प्रत्येक प्रायोजकाने दोन शेतकरी आणावेत असं ठरलं. सोबत सातबाऱ्याची तीन महिन्यांच्या आतली प्रत.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी विचारलं. अर्ध्या तासात अकरा जणांनी आपण शेतकरी असल्याचं सांगितलं. जमीन परांड्याला, भोकरदनला, गुहागरला. शेवटचं पीक कधी घेतलं हे कुणाला आठवत नव्हतं, आणि सगळ्यांची त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती. शेवटी मी आमचे गाळामालक लक्ष्मणराव यांच्याकडे गेलो. ते मूळचे तिथलेच. त्यांची निम्मी जमीन एमआयडीसीत गेली, निम्म्यात गाळे आहेत, आणि मध्ये उरलेल्या दीड एकरात त्यांची आई कांदा लावते.

"आमाला कुठं टाइम हाय," लक्ष्मणराव म्हणाले. "त्या दिशी रजिस्ट्रारकडं काम हाय. आईला न्या. तशीबी सातबाऱ्यावर तीच हाय."

गोजाबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. वय विचारलं तर म्हणाल्या, "आधार कार्डावर अठ्ठ्याहत्तर, खरं ठावं न्हाई."

"आजी, येणार का परिषदेला?"

"जेवाण हाय का?"

"आहे."

"गाडी?"

"घ्यायला येतो, सोडायला येतो."

"मग यीन. पर धारंच्या आत घरी आणून सोड. म्हस दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई."

मी जयदीपला कळवलं की एकच शेतकरी मिळाली. तो म्हणाला, "महिला आहेत? ज्येष्ठ आहेत? मग एक चालेल सर. आम्ही दोन धरू. सत्कारही ठेवू."

डेमोसाठी दोन पोती कांदा लागणार होता. तो गोजाबाईंनीच दिला. शेतात तीन-चार दिवस वाळवलेला, पातीसकट. आता प्रश्न तो हॉटेलात नेण्याचा होता. मी समजत होतो की कृषी परिषदेत कांदा नेणं ही फार वादग्रस्त गोष्ट नसावी. हॉटेलच्या बँक्वेट मॅनेजरने मला एक नियमावली पाठवली. बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई. अपवाद करायचा तर प्रत्येक पाहुण्यामागे शुल्क.

मी फोन केला. "अहो, तो कच्चा कांदा आहे. कुणी खाणार नाही."

"सर, कांदा फूड आयटम आहे."

"तुम्ही देता तेव्हा फूड आयटम. मी आणतो तेव्हा कच्चा माल आहे. माझ्या इन्व्हॉइसवर तसंच आहे."

"मग सर, अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर लागेल. पुरवठादाराचा."

पुरवठादार म्हणजे गोजाबाई. त्यांच्याकडे आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा आणि म्हशीचा विमा होता. अन्नसुरक्षा परवाना नव्हता. मी तीन ई-मेल लिहिले, त्यातला एक इंग्रजीत. मॅनेजरने तिन्हींना एकच उत्तर पाठवलं. शेवटी जयदीपने मार्ग काढला. हॉटेलात फुलं न्यायला परवानगी होती, कुंड्या न्यायला होती, मागे एका लग्नात ऊसही नेला होता. गेटपासवर त्याने लिहिलं, 'सजावटीचं साहित्य, हिरवं, दोन पोती.' मॅनेजरने तात्काळ सही केली. नियम मोडायला त्याचा विरोध होता, नियमाच्या शेजारून जायला नव्हता.

परिणामी परिषदेच्या दिवशी सकाळी मी यंत्र घेऊन पोचलो तेव्हा सजावटवाल्याने एक पोतं उघडून मंचासमोर पितळी घंगाळांमध्ये कांदे रचले होते. पाती वर, कांदे खाली, मध्ये गुलाब. कागदावर ते त्याचंच साहित्य होतं, त्यामुळे मला भांडताही येईना. प्रमुख पाहुण्यांनी आल्या आल्या त्या रचनेचं कौतुक केलं.

दारात पट्ट्यांचं वाटप चालू होतं. पट्टी पाऊण इंच रुंद. छापणाऱ्याला त्यात 'वर्षाली इंजिनिअरिंग' बसवता येईना, म्हणून त्याने आपल्या अकलेने 'इंजिनिअरिंग' गाळलं. आता पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत 'वर्षाली, वर्षाली, वर्षाली' असं लिहिलेलं होतं. तीनशे पुरुष माझ्या बायकोचं नाव गळ्यात घालून उपमा खात होते. एका ट्रॅक्टर डीलरने मला विचारलं, "ही वर्षाली कोण? नगरसेवक का?" मी म्हटलं, "अजून नाही."

वर्षाली डायसवर इरकल नेसून इतकी सहज बसली होती की जणू ती जन्मल्यापासून पट्ट्या प्रायोजित करत आली आहे. यंत्र जड म्हणून मंचाच्या खालीच मांडलं होतं; त्याच्याजवळ मी निळ्या शर्टात उभा. हॉटेलच्या एका वेटरने मला चहा द्यायच्या ऐवजी कपांचा ट्रे दिला आणि "तिकडे ने," म्हणून सांगितलं. मी नेला. वाद घालायला पाच मिनिटं लागली असती आणि माझ्याकडे तेवढीच होती.

चार भाषणं झाली. शेती हा देशाचा कणा असल्याचं चारही वक्त्यांनी सांगितलं. गोजाबाई पहिल्या रांगेत, डोक्यावर पदर, गळ्यात 'वर्षाली', शांतपणे सुपारी कातरत होत्या. मग सूत्रसंचालिकेने पुकारा केला, "आता वर्षाली इंजिनिअरिंगच्या वतीने प्रात्यक्षिक. यंत्र चालवतील त्यांचे ऑपरेटर."

मी बटण दाबलं. हे यंत्र कधी दगा देत नाही हे मला माहीत होतं. कांदे पट्ट्यावरून सरकले, रोलरवर उभे राहिले, पाती खाली गेल्या, पाती खर्रखर्र कापल्या गेल्या आणि दुसऱ्या तोंडातून टपटप कांदे पडले. गुळगुळीत, गोल, बिलियर्डच्या चेंडूसारखे. टाळ्या झाल्या. खऱ्या टाळ्या, भाषणांना पडतात तशा नव्हे. मोनिका मॅडम उठून पुढे आल्या. त्यांनी एक कांदा हातात घेतला, कापावरून अंगठा फिरवला.

"टॉलरन्स?"

"अधिक-उणे अर्धा मिलिमीटर, मॅडम."

"कांद्यावर?" त्यांनी भुवया उंचावल्या. "ताशी किती?"

"आठशे किलो."

त्या त्यांच्या सहकाऱ्याकडे वळून काहीतरी बोलल्या. त्यातला 'पन्नास' हा आकडा मला स्वच्छ ऐकू आला. डायसवरून वर्षालीनेही तो ओठांवरून वाचला असावा, कारण ती तिथूनच माझ्याकडे बघून हसली. ट्रे वाहून नेल्याचं दुःख मी त्या क्षणी पार विसरलो.

"आणि आता," सूत्रसंचालिका म्हणाली, "प्रगतिशील महिला शेतकरी श्रीमती गोजाबाई यांचा सत्कार."

गोजाबाई मंचाकडे निघाल्या. वाटेत माझं यंत्र. त्या थांबल्या, वाकल्या, ढिगातला एक कांदा उचलला. उलटा केला, सुलटा केला. तो हातात घेऊनच त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि सूत्रसंचालिकेने "आजी, दोन शब्द" म्हणून माइक पुढे केला.

"ह्ये कांदं कुणी कापलं?" आजींनी विचारलं.

सभागृहात कौतुकाचं हसू पसरलं. मी अभिमानाने हात वर केला.

"तू व्हय? आरं, ह्याची मान कुठं हाय?"

"कसली मान, आजी?"

"कांद्याची! पात कापताना दोन बोटं मान ठिवायची असती. ती सुकून पीळ पडतो आन् कांद्याचं तोंड मिटतं. मग त्यो कांदाचाळीत दिवाळीपतूर ऱ्हातो. तू तर गळ्यापासनं कापलास. आता ह्याचं तोंड सताड उघडं. चार दिसात पाणी सुटंल, पंधरा दिसात सडंल, आन् शेजारच्या धा कांद्यांना सडवंल." त्यांनी कांदा माइकसमोर धरला. "म्हशीला घालाया चांगला हाय. तिला साठवून ठिवायचा नसतो."

खतवाले, बियाणेवाले, ड्रोनवाले, सगळ्यांनी त्या कापाला टाळ्या वाजवल्या होत्या. आता ते एकमेकांच्या गळ्यातल्या पट्ट्या वाचू लागले. मला आमच्या चाचण्या आठवल्या. कांदा सडायला वेळ लागतो, आणि आम्ही तो वेळ त्याला कधी दिलाच नव्हता. बारा वर्षं ब्रॅकेट केल्यावर माणसाला वाटायला लागतं की कापल्यावर जे थोडं वर राहतं ते वाईटच. सपाट कापणं म्हणजे चांगलं कापणं का, हे कुणाला विचारायची गरजच मला वाटली नाही. विचारायचं तर गाळ्याच्या मागे चाळीस पावलांवर ओटा होता.

मोनिका मॅडमनी हातातला कांदा हळूच ढिगावर ठेवला. पन्नास हा आकडा हवेत विरून गेल्याचं मला जवळजवळ दिसलं.

पण त्या परत जागेवर गेल्या नाहीत. मंचाच्या पायऱ्या चढून, सत्कारानंतर तिथेच बसवलेल्या गोजाबाईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. कार्यक्रम पुढे चालू होता, ॲपवाल्याचं सादरीकरण होतं, ते बिचाऱ्याचं कुणी ऐकलं नाही. मॅडम विचारत होत्या, आजी सांगत होत्या. मजुरीला बायका मिळत नाहीत. मिळाल्या तर विळ्याने बोटं कापतात. यंत्र हवंय, नको कोण म्हणतंय. "पोरगं गुणी हाय," त्या म्हणाल्या, "हात चांगला हाय त्येचा. फकस्त कांदा ठावा न्हाई." तीनशे लोकांपुढे मिळालेलं हे माझं एकमेव प्रमाणपत्र. शेखरने ते नंतर पूर्ण एमआयडीसीला ऐकवलं.

निघताना मोनिका मॅडम माझ्यापाशी आल्या.

"ऑपरेटर तुम्हीच ना? पात किती उंचीवर कापायची ते बदलता येईल?"

"पात्याखाली स्पेसरची चकती टाकली की झालं, मॅडम. दोन दिवसांचं काम."

"मग आठ दिवसांत नवं ड्रॉइंग पाठवा. दहा यंत्रं आत्ता घेईन. चाळीस नंतर, ती चालली तर. एकच अट. ड्रॉइंगवर 'तपासलं' या रकान्यात तुमची सही नको. या आजींची हवी."

दहा यंत्रं म्हणजे सहा माणसं दिवाळीपर्यंत. मी मनात गुणाकार केला आणि मान हलवली.

दोन दिवसांनी मी ओट्यावर गेलो. ड्रॉइंगला आकडा लागतो, 'दोन बोटं' चालत नाहीत. म्हणून व्हर्निअर कॅलिपर घेऊन गेलो होतो. गोजाबाईंनी दोन बोटं जोडून पुढे केली. चौतीस मिलिमीटर. "सकाळी येवडी न्हवती," त्या म्हणाल्या, "पाणी भरलं की सुजत्यात." त्यांच्या सुनेची मोजली. अठ्ठावीस. सुनेच्या बोटांनी कापलेला कांदा सडतो का, विचारलं. "न्हाई की. तिचाबी ऱ्हातो." मग आकडा कुठला धरायचा? "कांदा काय मोजपट्टी लावून सुकतोय व्हय?" मी ओट्यावर बसूनच लिहिलं, तीस मिलिमीटर, अधिक-उणे पाच. इतकी ढिली मर्यादा मी उभ्या आयुष्यात कुठल्याही कागदावर लिहिली नव्हती. लिहिताना चोरी केल्यासारखं वाटलं.

कागद आणि पेन पुढे केलं. मला वाटलं होतं, अंगठा देतील. पण त्या भागात ज्यांच्या नावावर जमीन आहे अशा म्हाताऱ्या बायका सही करायला कधीच शिकल्या आहेत, आणि कधी करायची नाही तेही.

"वाच," त्या म्हणाल्या.

"आजी, नुसतं ड्रॉइंग आहे. रेघा आहेत."

"रेघांतनंच समदं जातं. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. पात्याचं पोलाद, रोलरचा व्यास, मोटर, नटबोल्ट, कोपऱ्यातली तारीख. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "ह्यात आमची जमीन कुठं लिवून जात न्हाई न्हवं?"

"नाही आजी. तुमची फक्त दोन बोटं जातात."

त्यांनी हात उलटा करून बोटांकडे क्षणभर बघितलं.

"ती जाऊ देत," म्हणाल्या, आणि सही केली.